मास्तरांचं बायबल आणि दिघ्यांची कार्डं

दुकानात बसणाऱ्याकडे गिऱ्हाईक येतं, माल घेऊन जातं आणि गोष्ट ठेवून जातं. माल हंगामाला संपतो, गोष्टी साठत राहतात. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात चंदेरी कापड विकत मी इतकी वर्षं बसलो की आता कपाटांपेक्षा डोकंच जास्त भरलंय. त्यातला एकच गठ्ठा आज सोडतो, शहरापलीकडच्या मुरार गावातल्या एका व्हरांड्यातला. चार माणसं, एक बायबल आणि एक वेताची खुर्ची. खुर्चीचं आधीच सांगून टाकतो. ती मला हवी होती आणि तिच्यावर दुसरा बसायचा. बाकी जे झालं ते त्यातूनच झालं.

* * *

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हाची गोष्ट. दरबार बंद, दरबारी पोशाख बंद. पगडीच्या कापडाला कोणी हात लावेना. मी गादीवर बसून रस्ता बघायचो. अशात एक दिवस साळवे मास्तर दुकानात आले. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, मुरारच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. बायकोसाठी लुगडं हवं होतं. मी एक रंगीत उलगडलं. त्यांनी पदर बोटांत धरला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "एका बापाला बारा मुलगे होते. त्यानं एकालाच असा भारी अंगरखा शिवला. बाकीचे भाऊ बघत राहिले."

"मग?"

"मग त्यांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकला."

"मेला?"

मास्तर लुगड्याची घडी घालत म्हणाले, "रविवारी मुरारला या. तीन वाजता."

अर्धा माल दाखवायचा आणि गिऱ्हाईकाला उद्या बोलवायचं, ही विद्या मी वडिलांकडून शिकलो. ती माझ्यावरच चालवणारा माणूस पहिल्यांदा भेटला. टांगा केला आणि गेलो.

* * *

मास्तरांच्या व्हरांड्यात दोन माणसं आधीच होती. एक मोहिते सुभेदार. संस्थानची फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिळाली, तेव्हा हे पेन्शन घेऊन घरी बसले होते. मिशी मात्र अजून ड्यूटीवर होती. दुसरे दिघे. सचिवालयात हेडक्लार्क, आजोबा दरबारात फडणीस, स्वतः बी.ए. मी चौथी पास, तीही तिथले मास्तर वडिलांच्या ओळखीचे म्हणून.

साळवे मास्तरांना काचबिंदू होता. अक्षरं पुसट दिसायची, म्हणून त्यांच्या उजव्या हाताला एक वेताची खुर्ची असायची. त्या खुर्चीवर बसेल त्यानं मोठ्यानं वाचायचं. खुर्चीवर दिघे. सुभेदार आणि मी समोरच्या बाकावर.

दिघ्यांनी अंगरख्याची गोष्ट वाचली. काय वाचतो तो माणूस! जणू आकाशवाणी. वाचून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "बोला, काय दिसलं?"

मी विचारलं, "अंगरख्याचं कापड कुठलं होतं?"

दिघे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते आपण आपल्या पदरचं शिवायचं नाही. पण कापडावर थांबलात हे चांगलं. अंगरखा कोणी दिला ते सांगितलंय, बाकीच्यांना तो बघून काय वाटलं ते सांगितलंय. त्या लाडक्या मुलानं, योसेफानं, तो घालताना भावांकडे पाहिलं की नाही, ते सांगितलेलं नाही. का बरं?"

मी काही बोलायच्या आत दिघे म्हणाले, "कारण ज्याच्या अंगावर अंगरखा असतो, त्याला तो दिसत नाही."

मास्तर म्हणाले, "बरोबर वाचलंत."

हे दोन शब्द मास्तर क्वचित बोलायचे. शाळेत ते फार मार्क देत नसत, तसंच इथंही. परत येताना टांग्यात माझ्या डोक्यात एकच. प्रश्न माझा, कापड माझं, आणि 'बरोबर वाचलंत' दिघ्यांना.

* * *

देवानं माझ्यासाठी मध्यभारत सरकार निर्माण केलं, असं मला त्या उन्हाळ्यात वाटलं. नव्या राज्यानं राजधानी वाटून घेतली होती. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. एप्रिल आला की फायलींच्या पेट्या भरायच्या, क्लार्क मंडळी गाडीत घालायची आणि अख्खं सचिवालय इंदूरला. आमच्या लष्कर भागातले लोक सरकारला शिव्या द्यायचे. मी स्टेशनवर दिघ्यांना हार घालून आलो. सुभेदार म्हणाले, "नाना, हार एवढा मोठा?"

पुढच्या रविवारी मी खुर्चीवर. वाचायला लागलो तर सुभेदार पहिल्या पानालाच झोपले. मी बोट ठेवून वाचतो, नावं आली की अडखळतो. पण खुर्चीवर होतो. सबंध उन्हाळा होतो. 'बरोबर वाचलंत' मात्र एकदाही नाही.

दसरा झाला, दिघे परत आले. इंदूरची शेव घेऊन व्हरांड्यात शिरले, सगळ्यांना नमस्कार केला आणि न विचारता खुर्चीवर जाऊन बसले. मी पाच मिनिटं आधी येऊन बाकावर बसलो होतो. कुठं बसावं याचा विचार करत उभं राहायला नको म्हणून.

त्या दिवशी शौल राजाची गोष्ट निघाली. लढाईहून फौज परत येते, गावोगावच्या बायका नाचत बाहेर येतात आणि गातात, शौलानं हजारो मारले, दावीदानं लाखो. तेव्हापासून शौल दावीदाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागला.

मी म्हटलं, "चूक बायकांची. असं चारचौघांत मोजून दाखवू नये."

मास्तर म्हणाले, "गोष्ट बायकांना काही बोलत नाही, नाना. गोष्ट शौलाच्या डोळ्यांबद्दल बोलते." आणि चष्मा पुसत बसले. तो पुसून त्यांना काय जास्त दिसणार होतं, कोण जाणे.

* * *

दिघ्यांचा आणि माझा जीव एकाच कारणानं जळावा, असं आठ वर्षांत एकदाच घडलं.

दिघे वाचत होते. राजे लोक लढाईला निघतात त्या ऋतूत दावीद राजानं सेनापतीबरोबर फौज पाठवली आणि आपण मात्र राजधानीत राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला पलीकडे एक बाई स्नान करताना दिसली. दिघ्यांनी आवाज जरा खाली आणला. मीही सावरून बसलो.

सुभेदार म्हणाले, "थांबा. मागं जा. फौज मैदानात, मग राजा घरी कशाला?"

दिघे म्हणाले, "सुभेदार, मुख्य प्रसंग तर पुढं आहे."

"पुढचं ऐकायला काय उरलं आता? फौज मोर्चावर आणि मालक गच्चीवर. मतलब गडबड तिथंच झाली. बाई नंतर आली."

मास्तर खुर्चीतून जरा पुढं वाकले. "तीस वर्षं ही गोष्ट शिकवतोय. लोकांचं लक्ष बाईवर जातं. लिहिणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात ठेवलेलं कोणी बघत नाही. बरोबर वाचलंत, सुभेदार. अगदी बरोबर वाचलंत."

दोनदा! सुभेदारांना! ज्या माणसानं गोष्ट निम्मी झोपेत ऐकली, त्याला!

परतीच्या टांग्यात दिघे एका बाजूला बघत होते, मी दुसऱ्या. मध्ये सुभेदार मिशीवर हात फिरवत. नदीच्या पुलावर टांगेवाल्यानं मान मागं वळवली आणि सुभेदारांना हळूच विचारलं, "साहब, किसी की मिट्टी में गए थे क्या?"

* * *

मग मी घरी मदत शोधली. आमची ही चुलीपाशी असायची, मी पाटावर बसून पुढच्या रविवारची गोष्ट सांगायचो. एकदा दोन भावांची सांगितली. धाकटा आपला वाटा घेऊन परगावी जातो, सगळा उडवतो, भिकेला लागून घरी परततो. बाप धावत जाऊन मिठी मारतो, घरात मेजवानी, गाणं-बजावणं. थोरला शेतावरून येतो, आवाज ऐकून नोकराला विचारतो काय चाललंय, आणि कळल्यावर दाराबाहेर रुसून उभा राहतो.

मी म्हटलं, "थोरला जळकुटा."

ही भाकरी उलटत म्हणाली, "त्याला निरोप कोणी धाडला होता?"

"म्हणजे?"

"पंगत बसली, वाजंत्री आली, सगळ्या घराला ठाऊक. शेतावर माणूस पाठवून थोरल्याला कोणी बोलावलं का? नोकराला विचारावं लागलं त्याला. मी असते तर मीपण नसते गेले आत."

रविवारी दिघ्यांचं वाचून झालं. मी घसा साफ केला आणि हे सगळं सांगितलं. माझं म्हणून. दिघे चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. तो क्षण मला अजून गोड लागतो.

मास्तर म्हणाले, "फार चांगलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा."

* * *

आता जे सांगायचं ते सांगताना अजूनही मान खाली जाते.

पुढच्या उन्हाळ्यात दिघ्यांनी इंदूरहून मास्तरांना कार्डं पाठवायची ठरवलं. रविवारी कुठली गोष्ट वाचायची ते आधी ठरलेलं असायचं. दिघे तिच्यावर आपलं म्हणणं कार्डावर लिहिणार, मास्तरांना वाचता येत नाही, तर मी ते बैठकीत वाचून दाखवणार. पत्ता माझ्या दुकानाचा, कारण मुरारला टपाल उशिरा पोचायचं.

पहिलं कार्ड शुक्रवारी आलं. बारीक, मोत्यासारखं अक्षर. चार ओळींत असं काही लिहिलं होतं की मला चार वर्षांत सुचलं नसतं. कार्ड मी गल्ल्याखाली ठेवलं. रविवारी मास्तरांनी विचारलं, "इंदूरची काही खबर?"

मी म्हटलं, "नाही बुवा. कामात असतील."

आणि गोष्ट वाचून झाल्यावर त्या चार ओळी मी माझ्या तोंडानं म्हटल्या.

"बरोबर वाचलंत," मास्तर म्हणाले.

त्या रात्री मला पंचपक्वान्नं जेवल्यासारखं वाटलं. दुसरं कार्डही गल्ल्याखाली गेलं. एकूण नऊ आली. नऊही मी गिळली. दसऱ्याला दिघे परत आले तेव्हा वाट बघत होते, मास्तर कार्डांबद्दल काही म्हणतील. मास्तर काही म्हणाले नाहीत. दिघे विचारणाऱ्यातले नव्हते. फडणिसांचा नातू, मागून मान घेणं त्यांच्या रक्तात नाही. हळूहळू त्यांनी वाचताना आवाज लावणं सोडलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकही कार्ड आलं नाही.

मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि रविवार आला की टांगा बोलवायला मी उशीर लावायचो.

* * *

त्याच कोरड्या उन्हाळ्यात मास्तर एका रविवारी म्हणाले, "आज इसहाकाची वाचा."

त्यांची नजर तोवर पुरती गेली होती. मी वाचायला लागलो. इसहाक म्हातारा, आंधळा. थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचा म्हणून त्याला शिकारीला पाठवतो. तेवढ्यात धाकटा याकोब हातांना करडाची केसाळ कातडी बांधतो, एसावाचे कपडे घालतो आणि बापापुढं जाऊन म्हणतो, मीच एसाव. म्हातारा त्याला चाचपतो. म्हणतो, आवाज तर याकोबाचा आहे, पण हात एसावाचे.

इथं मी वाचायचा थांबलो. सुभेदारांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मास्तर म्हणाले, "घ्या पाणी. गेल्या उन्हाळ्यात आम्हालाही असंच झालं होतं. आवाज पाटणकर बाजारचा आणि हात सचिवालयाचे."

मी पुस्तक मिटलं. मग विचारलं, "कशावरून कळलं?"

"नाना, तुम्ही सलग चार वाक्यं बोललात आणि त्यात दुकान आलं नाही. कापड नाही, गिऱ्हाईक नाही. मी आंधळा आहे, बहिरा नाही."

"मग 'बरोबर वाचलंत' का म्हणालात?"

"बरोबरच होतं ते. कोणाचं होतं ते तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

"आणि दिघ्यांना का नाही सांगितलंत?"

"इसहाकाला कळलं, तरी त्यानं याकोबाला दिलेला आशीर्वाद परत घेतला नाही. का घेतला नाही ते लिहिलेलं नाही." मग म्हणाले, "आणि एक ऐका. दिघे वाचतात तेव्हा गोष्ट वाहून जाते. तुम्ही अडखळता तिथं मला थांबायला मिळतं. हे तुम्ही विचारलं असतंत तर मी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं."

सुभेदार जागे होते. त्या दिवशी नेमके पूर्ण जागे.

* * *

त्याच वर्षी, छप्पन साली, पुन्हा नकाशा बदलला. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळ. आता सहा-सहा महिन्यांची वाटणी नाही, दिघ्यांना कायमचंच जायचं होतं. सामान न्यायला ते इंदूरहून येणार, असं कळलं.

ते आल्याबरोबर मी आधी दिघेवहिनींना घरी चंदेरी लुगडं पाठवलं. मग दिघ्यांना जरीचं उपरणं. मग तिळाच्या गजकचे दोन डबे. तिन्ही खेपा सुभेदारांनी केल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "नाना, याकोबानंसुद्धा भावाला भेटायच्या आधी असेच कळपामागून कळप धाडले होते. पण त्याच्याकडे उंट होते. तुम्ही मला जुंपलंय."

रविवारी दिघे व्हरांड्यात आले. मी चार दिवस भाषण पाठ करत होतो. ते समोर उभे राहिले आणि माझं भाषण सुरू व्हायच्या आत विचारलं, "कार्डं मिळाली होती?"

"मिळाली होती."

"सगळी?"

"नऊच्या नऊ. मास्तरांना वाचून नाही दाखवली. माझं म्हणून बोललो."

दिघ्यांनी मी पाठवलेल्या उपरण्याची किनार बोटांनी चाचपली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "त्यात 'बरोबर वाचलंत' कितीदा आलं?"

"दोनदा."

"कुठल्या कुठल्या कार्डाला?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तिसऱ्यालाही यायला हवं होतं," म्हणाले, आणि मास्तरांकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, "तिसरं जरा ओढूनताणून होतं."

मग दिघे खुर्चीकडे न जाता बाकावर येऊन बसले, माझ्या शेजारी. खुर्ची त्या दिवशी रिकामी राहिली. मला त्या माणसाचा इतका हेवा याआधी कधी वाटला नव्हता. माफ करायचं तर ते असं, हे मला कधी जमणार?

* * *

त्याच बैठकीत सुभेदारांनी हट्टानं दिघ्यांना बाकावरूनच याकोब-एसावाच्या भेटीची गोष्ट वाचायला लावली. एसाव धावत येतो, मिठी मारतो, दोघं रडतात. एसाव म्हणतो, चल, माझ्या गावी सेईरला. याकोब म्हणतो, दादा, तुम्ही पुढं व्हा, माझी लेकरं लहान, गुरं थकलेली, मी सावकाश येतो. एसाव सेईरला जातो. याकोब मात्र वाट बदलून सुक्कोथला जातो आणि तिथंच घर बांधतो. बस. गोष्ट त्यावर काही बोलत नाही.

दिघे म्हणाले, "मिठी खरी होती. तरी गेला नाही."

मी म्हटलं, "गुरं थकली असतील हो."

दोन दिवसांनी आम्ही स्टेशनवर. दिघ्यांचं सामान चढलं, वहिनी लुगडं नेसून खिडकीशी बसल्या होत्या. दिघ्यांनी दारातून माझे दोन्ही हात धरले. "नाना, भोपाळला या. आठ दिवस राहायला. खरंच या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "येतो की. तुम्ही पुढं व्हा. लग्नसराईचं गिऱ्हाईक एकदा उरकलं की निघालोच."

मागं सुभेदारांनी हमालाला थांबवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "क्यों भाई, सुक्कोथ की गाड़ी किस प्लेटफॉर्म से मिलेगी?"

* * *

खुर्ची आता माझी. कोणी उठवणारा नाही, एप्रिलची वाट बघायची नाही. पहिल्या रविवारी बसलो आणि बाकाकडे बघितलं. एका टोकाला सुभेदार, दुसरं टोक रिकामं. खुर्ची टोचत होती. वेत जुना झाला असेल.

महिनाभरानं दुकानात भोपाळचा शिक्का असलेलं कार्ड आलं. तेच बारीक अक्षर. दोन्ही बाजूंनी बघितलं, पण वाचलं नाही. तसंच खिशात घालून रविवारी मुरारला नेलं आणि मास्तरांना म्हटलं, "दिघ्यांचं कार्ड आहे. पहिल्यापासून वाचतो."

मास्तर हातातला कप खाली ठेवून बसले. सुभेदार पुढं सरकले. मी बोट ठेवून, सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"श्री. नाना यांस सप्रेम नमस्कार. हे कार्ड मास्तरांना नसून तुम्हाला आहे. इथं रविवारी माझ्या घरी बैठक सुरू केली आहे. सहा माणसं येतात, एक प्रोफेसर आहे. फार बोलतो. येत्या रविवारी लेआ आणि राहेल या याकोबाच्या दोन बायकांची, सख्ख्या बहिणींची, गोष्ट आहे. तिच्यावर तुमचं आणि वहिनींचं काय म्हणणं आहे, ते उलट टपाली कळवावे. शनिवारच्या आत मिळेल असे पाहावे. बैठकीत तुमचं नाव घेईनच असं नाही."